दुसरा हात

"हात दाखव गं न्हाविणी. पालथे नको, उताणे."

इनामदारांच्या ओसरीवर हळदीकुंकू. वीसेक बायका. मी सतरंज्या झटकायला आलेली. नगरहून आलेल्या एका पाहुणीने सहज विचारलं होतं, हिचे हात असे काळेनिळे कशाने? इनामदारांच्या बाईसाहेबांनी मला ओळीने एकेकीसमोर उभं केलं. म्हणाल्या, "आमची मेंदी चोरते आणि स्वतःच्या झिपऱ्या रंगवते."

बायका हसल्या. मी खाली बघत राहिले.

तेव्हा मला पंचविसावं लागलं होतं. माझ्या डोक्यात एक पांढरा केस सापडला असता तर मी तो देव्हाऱ्यात ठेवला असता. पांढरे होते बाईसाहेबांचे. आणि कुरळे तर असे, की त्यात एकदा संक्रांतीला शिरलेली फणी पाडव्याला दात मोडून बाहेर आली. आधी त्यांनी नगरच्या बाजारातली कलपाची बाटली लावून पाहिली. केस मुठीमुठीने तुटले. मग गोठ्याच्या दाराने मला बोलावणं आलं.

कुरळ्या केसाला दमानं घ्यावं लागतं. कोरड्यावर फणी नाही, ओल्यातून नुसती बोटं फिरवायची. मेंदी आवळ्याच्या पाण्यात, लोखंडी कढईत भिजवायची. वर दही आणि थोडं एरंडेल, म्हणजे केसाची काडी होत नाही. रंगाचे हात दोन. पहिला मेंदीचा. त्याने पांढरा केस लालभडक होतो. तो धुऊन दुसरा हात निळीच्या पाल्याचा, की झाला भुंग्यासारखा काळा.

दर दीड महिन्याला बाईसाहेब तरुण व्हायच्या. माझे हात आठ दिवस काळे. मी ते राखेने घासायची, चिंचेने घासायची, साल निघेपर्यंत. त्यांचं गुपित माझ्या कातड्यावर दिसू नये म्हणून.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गप ऱ्हा. सुगीला त्यांच्या खळ्यावरनं बलुतं येतं. त्याच्यावर आपली चूल हाय."

मी राख घेऊन पुन्हा हात घासायला बसले.

दीड महिन्याने पुन्हा गोठ्याचं दार. थोरल्या मुलीला बघायला त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी पाहुणे यायचे होते. सकाळीच पहिला हात लावला, धुतला. बाईसाहेब उन्हात डोकं वाळवत बसल्या. मी निळीचा पाला कालवायला काठी घेतली. आरशात बघत त्या म्हणाल्या, "आज कुणी तुझे हात पाहिले तर चोरी केली म्हणून सांग. आणि मागच्यासारखी दगडागत उभी राहू नको. जरा रडून सांग, म्हणजे खरं वाटेल."

राग आला नाही. नुसता थकवा आला. इतका, की टोपात घालायचे हात वर उचलवेनात.

"बाईसाहेब, दुसरा हात तुमचा तुमीच लावा."

"म्हणजे?"

"हात काळे व्हतील. कुनी इचारलं तर सांगा, चोरी केली. रडायचं कसं ते तुमास्नी ठावं हाय."

काठी टोपात सोडली आणि उठले. गोठ्याकडे वळले नाही. ओसरीवरून, पुढच्या पायऱ्या उतरून गेले.

त्या लालभडक डोक्याचा जाळ प्रवरा नदीच्या पल्याडून दिसला, कोल्हारात लोक घागरी घेऊन धावले, असं मी आजवर सांगत आले. खरं तर त्यांनी पदर भुवईपर्यंत ओढला आणि डोकं दुखतंय म्हणून त्या आत बसून राहिल्या. एवढंच झालं.

बलुतं मात्र बंद झालं. त्यांच्या शब्दाखातर आणखी चार घरांनी बंद केलं. नवरा पंधरा दिवस बोलला नाही. भाकरी अर्धी झाली. त्या सुगीला दुसऱ्यांच्या रानात ज्वारी काढून माझी कंबर गेली, ती अजून आली नाही.

डोकी मी अजून रंगवते. कुरळी, सरळ, कुणाचीही. पण माझ्या दारात, दिवसाउजेडी, कढई उंबऱ्याबाहेर मांडून. जिला लाज वाटते तिने पांढरं राहावं. काम झालं की हात पाण्याने धुते आणि तसेच घेऊन बाजाराला जाते.

राख आता फक्त भांड्यांना लावते.