खालाचं पितळी कडं

बांगड्या विकायला येऊन गिऱ्हाइकाला परत पाठवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. लोहाऱ्याच्या आमच्या गल्लीत ती आली की बायका ओसरीवर हात पुढं करून बसायच्या. ती एकेकीचा हात मांडीवर घ्यायची, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून बघायची, बोटांची पेरं चाचपायची आणि एखादीला सरळ सांगायची, "आज न्हाय बेटी. आठ दिसानं येते." मग त्या बाईनं कितीही गयावया केली तरी खाला पुढचा हात धरायची. आणि आठव्या दिवशी, ऊन असो की चिखल, ती दारात हजर असायची.

तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. मणेरांच्या, म्हणजे मुसलमान बांगडीवाल्यांच्या, घरची म्हणून मणेरीण, आणि लहानथोर सगळ्यांची खाला. उंच, हाडापेरानं मजबूत, खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. बोलताना ती माणसाच्या तोंडाकडं कमी आणि हाताकडं जास्त बघायची. आमच्या ओसरीवर तिच्यासाठी पाण्याचा वेगळा पेला ठेवलेला असायचा, कोनाड्यात पालथा. तिनं त्यावर कधी तोंड वाकडं केलं नाही, माझंच व्हायचं.

मी तामलवाडीची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन लोहाऱ्यात आले तेव्हा निजामाचा अंमल होता. आमचे हे तहसील कचेरीच्या दारात बसून लोकांना उर्दूतून अर्ज लिहून द्यायचे. कागदावर मोठे हुशार, पण आईपुढं ब्र काढायचे नाहीत. घर लिंगायत वाण्याचं. आमच्यात विटाळ मानत नाहीत. शेजारच्या घरांतल्या बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसायच्या, त्यामुळं कुणाची पाळी कधी हे गल्लीला पाठ असायचं. आमच्याकडं बाई त्या दिवसांतही लिंगपूजा करायची, चुलीपुढं बसायची. ही रीत चांगली, मी आजही तिची बाजू घेऊन भांडते. पण तिच्यामुळं एक घोटाळा झाला. आमच्या घरात दिवस कुणी मोजतच नव्हतं, आणि मोजायचं मलाही कधी सुचलं नाही.

महिन्यातले वीस दिवस मी गुणाची सून होते. मग एका सकाळी उठावं तर डोकं जड, छाती दुखरी, पोट तट्ट फुगलेलं. कुणी नुसतं 'गिरजा' म्हणून हाक मारली तरी रडू फुटायचं, आणि रडू आवरलं की राग. एकदा मी पिठाची परात उचलून अंगणात भिरकावली. एकदा आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चार माणसांदेखत 'तू गप बस' म्हणाले. 'तू' म्हणाले, लोहाऱ्यात, सासूला. सहासात दिवसांनी पाळी आली की सगळं ओसरायचं आणि मी शरमेनं मान खाली घालून भांडी घासत बसायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पहिल्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी खालानं माझा हात दाबला आणि नेहमीचं वाक्य म्हणाली. आत्याबाई चिडल्या. सणाला नवी सून जुन्या बांगड्यांवर कशी राहणार? त्यांनी बाजारातून दुसरा बांगडीवाला बोलावला. त्यानं साबण लावला, पेरं चेपली आणि जोर केला. तीन बांगड्या माझ्या हातावरच वाढवल्या गेल्या. फुटल्या म्हणू नये, पण फुटल्याच, आणि मनगटावरून रक्त वाहिलं. मी त्या माणसाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आत्याबाई पांढऱ्याफटक पडल्या. सणाच्या तोंडावर सुनेचा चुडा फुटतो, वर तिची ही जीभ. त्यांनी मामंजींना त्याच दिवशी सांगितलं, "हिला बाहेरचं हाय. अवसेला देवऋष्याकडं न्यायचं. न्हाय उतरलं तर तामलवाडीला नेऊन घाला." हा देवऋषी शेजारच्या गावचा. तो मिरच्यांची धुरी द्यायचा आणि कडुलिंबाच्या फोकानं झोडायचा. आमच्या शेजारची सून काशी त्याच्याकडून 'बरी' होऊन आली होती. बरी म्हणजे, त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. पाणी भरायची, भाकऱ्या थापायची आणि भिंतीला टेकून बसायची. मला मारापेक्षा त्या भिंतीची भीती वाटत होती.

आठव्या दिवशी खाला आली. माझ्या मनगटावर हळद लावलेली चिंधी बघून तिनं विचारलं, "कुणी भरला चुडा?" मी रडत रडत सगळं सांगितलं, अवसेचंही. खालानं खांद्यावरच्या माळा उतरवल्या, ओसरीच्या पायरीवर फतकल मारली आणि आत्याबाईंना हाक दिली.

"अक्का, दोन अवसा जाऊ द्या. तवर पोरीला कुटं नेऊ नका."

"तुला त्यातलं काय कळतंय खाला?"

"मला हात कळत्यात. दुसरं काय बी न्हाय कळत."

तिनं कनवटीचं एक पितळी कडं काढलं. बायकांच्या हाताचं माप ती त्यावर घ्यायची. ते माझ्या हातात घातलं तर सर्रकन आत गेलं. "हे रोज सकाळी तिला घाला. तुमीच घाला अक्का, तिच्यावर सोडू नका. अडकलं त्या दिशी चुलीमागच्या भिंतीवर तुमच्या विभूतीचं एक बोट ओढा. पोरगी रडली, भांडली तर त्याच्याखाली कोळशाचं. आन् पाळी आली की हळदीचं." आत्याबाई म्हणाल्या, हे काय थेर आहेत. खाला जागची हलली नाही. ऊन पायरीवर आलं, तिच्या मांडीवर आलं, तरी हलली नाही. शेवटी आत्याबाईंनी कडं घेतलं, ते तिला उठवायसाठीच.

जाता जाता तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की कडं अडकलं त्या दिवसापासून लोणचं, पापड, खारवलेली मिरची बंद. मामंजींच्या बरोबरीनं मी चोरून प्यायचे तो कडक चहा बंद. रोज सकाळी काळे तीळ भाजून गुळाबरोबर मूठभर, चावून चावून. पोट दुखलं तर ओव्याचं गरम पाणी आणि तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी. दारच्या आडाचं पाणी न भरता वेशीबाहेरच्या विहिरीवर जायचं, येताना हळू, जाताना झपझप. दुपारी घटकाभर आडवं व्हायचं. "आन् त्या आठ दिसात कुटलीच मोठी बात करायची न्हाय. राग येईल, येऊ दे. पर त्या रागात कुणाला कायमचं बोलू नको. आठ दिसानं बी तुला तसंच वाटलं तर मग बोल, मी सोबत येते."

सगळंच लागू पडलं असं मी म्हणणार नाही. तिनं पुढं सांगितलेलं मेथीचं पाणी पिऊन मला ओकारी आली, तेव्हा खाला म्हणाली, "तुला न्हाय चालत, सोड." तिळांनी काय होतं मला आजही ठाऊक नाही. पण मीठ तोडल्यावर अंगाचा जडपणा कमी झाला, शेकानं पोटाला बरं वाटलं, आणि वेशीबाहेरच्या त्या चालण्यानं तर मला वाचवलं. तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नव्हतं.

पहिल्या महिन्यात भिंतीवर विभूतीची सहा बोटं उमटली आणि त्यांच्याखाली कोळशाची पाच. मी त्या पाच दिवसांत धाकट्या नणंदेशी कचाकचा भांडले. खाला आली तशा आत्याबाई तिला म्हणाल्या, "बघ, उतरलं का हिचं?" खालानं फक्त विचारलं, "कोळसा विभूती सोडून कुटं दुसरीकडं पडलाय का, अक्का?" आत्याबाई भिंतीजवळ गेल्या, वाकून बघितलं आणि आल्या. कोळशाचं एकेक बोट विभूतीखालीच होतं, आणि त्यांच्या पाठोपाठ हळदीचं; पाळीआधी हात सुजायचा तेव्हाच मी भडकायची. पुढं आत्याबाईंना पहिल्या अवसेची आठवण करून द्यायला मामंजी ओसरीवर आले तर म्हणाल्या, "थांबा. हातात काम हाय."

दुसऱ्या महिन्यात कडं अडकलं त्या सकाळी आत्याबाईंनी माझ्या पुढ्यातली लोणच्याची फोड उचलली आणि स्वतःच्या ताटात टाकली. मग म्हणाल्या, "जा, लांबच्या हिरीवर जा. आन् पदर नीट घे." त्या महिन्यात कोळशाची बोटं दोनच. मला राग येतच होता. फरक इतकाच की आता मला तो येताना दिसायचा, आणि आत्याबाईंनाही.

दुसरी अवस दोन दिवसांवर आली तेव्हा खाला आली. मामंजींनी बैलगाडी सांगून ठेवलेली होती. खालानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं आत्याबाईंचा हात ओढून मांडीवर घेतला आणि अंगठ्याखाली दाबला. "अक्का, तुमी नवी सून हुता तवा मी अम्मीच्या संगं याची. अम्मी तुमालाबी परत धाडायची. याद हाय?"

आत्याबाईंनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण खालाच्या हातातून हात सुटत नसे. शेवटी त्या म्हणाल्या, "मलाबी नेलं हुतं. ह्या देवऋष्याच्या बापाकडं." मग त्यांनी पाठीवरचा पदर जरासा सरकवला. मानेखाली चोळीच्या काठाशी एक पांढरा वळ होता. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांची वेणी घालत होते आणि तो वळ मी पाहिला होता. चुलीचा असेल असं मला वाटायचं.

त्या उठल्या आणि मामंजींना ओसरीवरूनच म्हणाल्या, "गाडी सोडा. कुटं जायाचं न्हाय." मग कोनाड्यातला पालथा पेला बाजूला सारून घरातल्या फुलपात्रात खालाला पाणी दिलं. खालानं ते एका दमात प्यायलं. माझ्या संसाराचा निकाल असा लागला, आणि तो ओसरीवरच लागला.

पुढं अठ्ठेचाळीस साल आलं. आधी रझाकारांच्या भीतीनं आमची माणसं पळाली, मग पोलीस ॲक्शन झाली आणि खालाची. एका सकाळी खाला आली ती खांद्यावर माळा न घेता. भावाबरोबर हैदराबादेकडं जातेय म्हणाली. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या माडीवर ऱ्हा. कोण येतंय बघते मी." खाला हसली, म्हणाली, "तुमी बघाल अक्का. पर भावाची लेकरं हायेत." कडं आत चुलीपाशी खिळ्यावर टांगलेलं असायचं, ते परत द्यायला मी वळले तर तिनं नको म्हणून मान हलवली.

मी हात पुढं केला आणि म्हणाले, "खाला, चार तरी भरून जा." बांगडी एकही तिच्याकडं नव्हती हे मला दिसत होतं. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याखाली दाबला आणि म्हणाली, "आज न्हाय बेटी. आठ दिसानं येते."

त्या सकाळी कडं माझ्या हातात सर्रकन गेलं होतं. तिला ते कळलं नसेल असं होणारच नाही.

आठव्या दिवशी आत्याबाईंनी ओसरीवर घोंगडी अंथरली आणि फुलपात्र भरून ठेवलं. त्या दुपार टळेपर्यंत गल्लीच्या तोंडाकडं बघत बसल्या. मग उठल्या, आत जाऊन खिळ्यावरचं कडं काढलं, विभूतीची पुडी कमरेला खोचली आणि मला म्हणाल्या, "चल." आम्ही शेजारी गेलो. काशी भिंतीला टेकून बसली होती. तिची सासू काय काम आहे विचारायला पुढं आली, तशा आत्याबाई उंबऱ्यातच फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "हिचा हात दे हिकडं."