हिंगाचा डबा

माझं नाक म्हणजे पोलिसी कुत्र्याचं नाक, असं माझी आई म्हणायची. वरच्या मजल्यावर कुणाचं दूध करपलं तरी मला खाली कळायचं. या गुणाचं सासरी कौतुक होईल असं वाटलं होतं. झालं भलतंच. तो सगळा गुण नवऱ्याच्या तोंडाचा वास घेण्यात खर्ची पडला.

आम्ही ऑस्ट्रेलियात, टूवूंबात राहतो. मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, नवरा आयटीत. आधी तो अधूनमधून ब्रिस्बेनच्या ऑफिसला जायचा. मग कोविड आला आणि ऑफिसच घरात आलं. मागची खोली, बंद दार, दोन मॉनिटर आणि कॉफीचा मग. त्या मगात कॉफी नसते हे कळायला मला वेळ लागला नाही, बोलायला लागला. पिणारा माणूस आरडाओरडा करतो, भांडी आपटतो, असं आपण ऐकलेलं असतं. हा उलट. प्यायला की इतक्या अदबीनं बोलायचा की अंगावर काटा यायचा. एरवी "काय गं, जेवलीस का?" म्हणणारा माणूस "आपण जेवलात का?" विचारायचा. ते 'आपण' ऐकलं की मी ओळखायची, आज मगात कॉफी नव्हती.

एका शनिवारी सकाळी तो मुलीला स्विमिंगला सोडायला निघाला. ती तेव्हा नऊ वर्षांची. गाडीचं दार उघडून उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मम, आय डोन्ट वॉना गो. बाबा स्मेल्स लाइक दॅट अगेन." अगदी शांतपणे म्हणाली, सीटबेल्ट तुटलाय असं सांगावं तसं. इथं गाडीवाचून पान हलत नाही, बस म्हणाल तर असून नसल्यासारखी. तरी त्यानं किल्ली माझ्या हातात दिली आणि पायरीवर जाऊन बसला. मी मुलीला सोडून परत आले तेव्हाही तो तिथंच होता, आणि कुंपणापलीकडचा आमचा शेजारी त्याच्या शेजारी बसला होता.

हा शेजारी सत्तरी ओलांडलेला. आयुष्यभर ट्रक दुरुस्त केलेला माणूस, बायको गेलेली, बोलणं कमी. पूर्वी स्वतः पिंपंच्या पिंपं रिचवायचा आणि मग सुटला. एखाद्यानं मला शुगर आहे म्हणून सांगावं तितक्या सहज तो हे कुणालाही सांगतो. त्याच आठवड्यात तो माझ्या नवऱ्याला चर्चच्या हॉलमधल्या, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला घेऊन गेला. लांब लांब मांडलेल्या खुर्च्या आणि मास्क लावलेली माणसं. नवरा म्हणाला, बरं झालं मास्क होता, रडताना बरं पडलं.

वास घेण्याची कल्पना माझी नाही, हे आधीच सांगून ठेवते. ती त्याची. मी म्हटलं, "मी काय ट्रॅफिक पोलीस आहे का, तोंडात नळी धरायला?" तर म्हणाला, "मला कुणीतरी बघतंय असं वाटायला हवंय गं." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी शिफ्टवरून आले, चप्पल काढली की हा समोर उभा राहायचा, वाकायचा आणि लहान मूल डॉक्टरला घसा दाखवतं तसं तोंड उघडून "हां" करायचा. मी वास घ्यायची आणि म्हणायची, "बरं." एवढंच. आधी लाज वाटायची, मग सवय झाली. मग तर मी दिवसभर त्या "हां"ची वाट बघायला लागले. वर्षभर त्याच्या तोंडाला चहाचा वास होता, कधी लसणाचा, कधी मुलीच्या चोरून खाल्लेल्या चॉकलेटचा.

बावीसच्या जानेवारीत, सीमा उघडल्यावर, कोविड शेवटी आमच्याही गावात शिरला. दोन वर्षं मी लॅबमध्ये लोकांच्या नाकातले स्वॉब तपासत होते आणि गेलं ते माझंच नाक. तिघंही आजारी पडलो, तिघंही उठलो. फोडणी करायला हिंगाचा डबा उघडला. काहीच नाही. डबा नाकाला लावला. झाकणाला हिंग चिकटलेला दिसत होता, पण वास म्हणून नाही. घरभर दरवळणारा, सुटकेसमधल्या साड्यांनाही लागणारा हिंग, आणि मला काही नाही! मी पॅन्ट्रीचं दार लावून आत उभी राहिले आणि रडले. मला हिंगाचं दुःख नव्हतं हो. आता संध्याकाळी त्यानं "हां" केलं की मला काय कळणार, या भीतीनं रडले.

त्याला सांगितलं नाही. थकवा जात नाही एवढंच सांगितलं. कुलूप मोडलंय हे चोराला कशाला सांगायचं, असं मनात आलं, आणि आपल्याच नवऱ्याला मनातल्या मनात चोर म्हटलं म्हणून नंतर वाईटही वाटलं. पण सांगितलं नाही ते नाहीच. रोज तो वाकायचा, "हां" करायचा, मी नाक पुढे करायची आणि "बरं" म्हणायची. वासाच्या जागी नुसती गरम हवा. मग मी डोळे बघायची, चालणं बघायची. जेवताना एखादं 'आपण' येतंय का म्हणून कान टवकारून बसायची.

त्यातच एक नवीन प्रकार सुरू झाला. जेवणं झाली, मी टीव्हीपुढे बसले की हा म्हणायचा, "तू बस, मी आवरतो." आवरणारा नवरा मिळाला म्हणून एखादीनं पेढे वाटले असते. माझ्या मनात पाल चुकचुकली. आतून फ्रिज उघडल्याचा आवाज यायचा, बरण्यांची झाकणं, मग बराच वेळ शांतता. मी गेले की दचकायचा. दुसऱ्या दिवशी तो मीटिंगला गेला की मी सिंकखाली बघायची, तांदळाच्या पिंपामागे बघायची, वॉशिंग मशीनमध्येसुद्धा हात घातला. बाटली सापडली नाही. एकदा दाण्याच्या कुटाची बरणीच गायब. विचारलं तर म्हणाला, "फुटली." बरणी प्लास्टिकची होती!

असे तीन महिने गेले आणि एप्रिल आला. एप्रिलमध्ये इथल्या लाल हरणांचा माज असतो. आपल्या सांबरासारखं थोराड जनावर. नर डोंगरात ओरडत हिंडतात, शेतं तुडवतात, म्हणून शेतकरीच शिकाऱ्यांना बोलावतात. शेजारी दरवर्षी एका मित्राच्या शेतावर जायचा. या वर्षी गुडघा दुखत होता, मांस वाहून आणायला माणूस हवा होता. कुंपणावरून नवऱ्याला विचारलं, "येतोस का, मेट? बंदूक मी चालवेन, तू ओझं उचल."

नवरा शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा खूश. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अरे, हरणाला मारतात का कुणी? किती गरीब डोळे असतात त्याचे!" आणि पुढच्याच वाक्यात, "मटणासारखंच शिजतं का रे ते?"

मला हरणाच्या डोळ्यांची काळजी नव्हती. मी शेजाऱ्याला गाठलं. "बरोबर कोण कोण आहे?" दोन मित्र. "ते पितात?" तो खोटं बोलत नाही. म्हणाला, "शिकार झाली की पितात. बर्फाची पेटी बिअरनं भरून नेतात." मग म्हणाला, "मी असेन तिथं. पण त्याच्या तोंडावर हात ठेवायला मी जाणार नाही, ते माझं काम नाही." मला त्याचा रागच आला. घरी येऊन एक पातेलं जोरात आपटलं.

जायच्या आदल्या दिवशी मागच्या अंगणात बाप-लेकीची तालीम चालली होती. हरणाला माणूस दिसायच्या आधी त्याचा वास येतो, म्हणून शिकारी छोट्या बाटलीतून पावडर उडवून वारा कुठून कुठं जातोय ते बघतात. आमच्याकडे टाल्कमचा डबा. मुलगी हरीण झाली होती, कपड्यांच्या स्टँडमागे चार पायांवर, आणि हा लाल मातीत पोटावर सरपटत पावडर उडवत होता. "बाबा, आय कॅन स्मेल यू! यू आर डेड!" ती ओरडली. दोघं खो खो हसत होते. मीही हसले. मग आत येऊन ओट्याला टेकून उभी राहिले. इथं वासावर जगणारं हरीण, म्हणजे मी, बिननाकाचं झालंय आणि शिकारी निघालाय पेटीभर बिअरच्या संगतीला, एवढंच डोक्यात होतं.

ते शनिवारी गेले. फोनला रेंज नव्हती. रविवारी मी घर पुसलं, मुलीला उगाच ओरडले, मग जवळ घेतलं. दुपार कलली आणि शेजाऱ्याची यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, दारात आली. मी धावतच बाहेर गेले. नवरा उतरला, दाढी वाढलेली, शर्ट चिखलानं ताठ झालेला. सवयीनं वाकला, "हां" केलं. मी नाक पुढे केलं. डोळे बघितले, लाल होते, पण झोप नसली तरी होतातच.

"बरं," मी म्हटलं. "भूक लागली असेल ना? वरण-भात लावलाय."

तेवढ्यात मुलगी बाहेर आली आणि अर्ध्या वाटेत थबकली. "ओ माय गॉड! बाबा! यू स्टिंक!" दोन्ही हातांनी नाक दाबून, ओकारीचा आवाज काढत ती घरात पळाली. शेजारी गाडीच्या खिडकीतून हसत म्हणाला, "तुझी बायको देवमाणूस आहे, मेट. माझी असती तर तिनं मला गेटबाहेरच पाइपनं धुतलं असतं." मग सांगितलं, माजावर आलेला नर आपल्याच मुतात लोळतो, आणि त्याची अख्खी मागची तंगडी या बाबानं खांद्यावरून उतारभर वाहून आणली होती. म्हणे यूटच्या काचा उघड्या ठेवून आले. आणि मी त्याच्या तोंडाला नाक लावून वरण-भाताचं विचारत होते!

मी मागच्या अंगणात जाऊन नळी सुरू केली. तो पायरीपाशी उभा राहिला, मी त्याच्यावर पाणी सोडत राहिले. इथं एप्रिलमध्ये थंडी पडायला लागते, कुडकुडत होता बिचारा.

"अजून आलं नाही ना?" त्यानं विचारलं.

"काय?"

"नाक."

माझ्या हातातली नळी भलतीकडेच वळली. "तुला कधी कळलं?"

"कोविडनंतर साबुदाण्याची खिचडी केली होतीस बघ. कूट इतकं खवट होतं की तोंडात धरवेना. आणि तू म्हणालीस, आज मस्त जमलीये."

"अरे पण तू दोनदा वाढून घेतलीस!"

"मग काय करणार? तुझा चेहरा बघून घेतली."

म्हणजे बरणी फुटली नव्हती. म्हणजे रोज जेवणानंतर आत बाटली नव्हती. "दूध बघायचो," तो म्हणाला. "आमटी आंबली का बघायचो. गॅस नीट बंद आहे का. तू डबा घेऊन कामावर जातेस, काही नासकं पोटात गेलं तर?" आणि मी वॉशिंग मशीनमध्ये हात घालत होते. मेलं माझं लक्षण! मला इतकं भरून आलं, आणि तोंडातून मात्र नको तेच निघालं.

"म्हणजे जानेवारीपासून तुला माहीत होतं की मला काही कळत नाही. मग प्यायला का नाहीस?"

तो शर्ट काढून पिळत राहिला. मग म्हणाला, "काल ते जनावर पडलं ना, त्याचे पाय बराच वेळ हलत होते. मी तिथंच चिखलात खाली बसलो. त्या दोघांतल्या एकानं माझ्या हातात कॅन दिला. थंडगार. उघडलेला. म्हातारा बघत होता, पण बोलला नाही. मी पण बघत बसलो कॅनकडे. मग म्हटलं, उद्या घरी जाऊन 'हां' करायचंय."

"पण मला वास आलाच नसता."

"माहीत होतं. तरी तू नाक पुढे करणार होतीस ना."

मी नळी खाली टाकली आणि त्या घाणेरड्या, ओल्या, हरणाच्या मुतानं माखलेल्या माणसाला घट्ट मिठी मारली. घाण येत असेल तर येऊ दे, मला कुठं येत होती!

अंघोळ करून तो बाहेर आला तेव्हा मी फोडणीसाठी तेल तापवत होते. तो शेजारी येऊन उभा राहिला. मी सवयीनं मान वर केली, तर यानं "हां" केलंच नाही. फळीवरून हिंगाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्या नाकाखाली धरला.

"आलं का?"

मी डोळे मिटून जोरात श्वास घेतला. "नाही."

"बरं," तो म्हणाला, अगदी माझ्या आवाजात. "उद्या परत बघू."