कुत्रं चावलेला पेशंट

"कुत्रंच चावलंय की, डॉक्टर. किती येळा सांगू?"

मल्लिनाथशेठ मनगट धरून माझ्यासमोर बसले होते. त्यांचा चादरींचा कारखाना होता आणि घरातल्या सगळ्यांचं औषधपाणी माझ्याकडे. मनगटावर समोरासमोर दोन अर्धगोल उमटले होते. कुत्र्याचे सुळे खोल भोकं पाडतात, कातडी फाडतात. असे कंस माणसाच्या दातांचे. हे कळायला एम.बी.बी.एस. व्हावं लागत नाही.

मी वाद घातला नाही. म्हटलं, "मग पोटात चौदा इंजेक्शनं. रोज एक. आजच सिव्हिलला जा."

सत्तरच्या दशकात कुत्रं चावल्यावर तोच उपाय होता आणि त्या सुयांना पैलवानही भ्यायचे. शेठ जरा वेळ पोट चोळत बसले.

"मानसाचं असंल तर?"

"तर धनुर्वाताचं एक, दंडात."

"मग एकच द्या. कामावरची बाई हाय, अंबू. जरा मस्करी केली तर चावली. येडी हाय. पन कागदावर कुत्रंच लिवा."

चावावं लागेल अशी कसली मस्करी, असं मी विचारलं. त्यावर शेठ भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. मी पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं आणि केसपेपरवर माणसाचा चावा असंच लिहिलं.

पोलिसांत जावं, तर त्या बाईला न विचारता तिची अब्रू चव्हाट्यावर मांडणारा मी कोण? गप्प बसावं, तर शेठ उद्या आणखी कोणाची मस्करी करतील. एका ज्येष्ठ डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पेशंटचं गुपित पोटात ठेवायचं. शिवाय घर मोठं आहे त्यांचं, तोंड उघडलंस तर धंदा बसेल." यातलं दुसरं कारण खरं होतं. मला त्यांचा संताप आला.

दोन दिवसांनी अंबूच दवाखान्यात आली. दंड काळानिळा पडला होता. मी तो तपासत असताना ती म्हणाली, "म्या ठाण्यात गेल्ते. त्यांच्या हाताला चावलेय, बगा म्हनलं. तर शेठ म्हनले, कुत्रं चावलं. आता फौजदार म्हनतोय, खोटं बोलतीस, तुलाच आत टाकतो. पट्टी तुमीच बांदली न्हवं?"

"मीच बांधली. तुझी तयारी असेल तर मी सांगतो."

"तयारी न्हाय तर कशाला आले हितं?"

आम्ही ठाण्यात गेलो. फौजदार चहा पीत होते.

"डॉक्टर, आपल्याच पेशंटविरुद्ध?"

"हीपण माझीच पेशंट आहे."

"पण तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"तुम्ही विचारायला हवं होतं. शेठच्या हातावरची पट्टी सोडून बघितलीत?"

नव्हती सोडली. शेठना ठाण्यात बोलावलं, तेव्हा पट्टी सोडायलाही मलाच हात लावावा लागला.

खटला उभा राहिला. कोर्टात वकिलांनी मला खोदून खोदून विचारलं, ते मी पेशंटचं गुपित का फोडलं एवढंच. शेठनी काय केलं होतं, ते त्यांना विचारावंसं वाटलं नाही. तरी शिक्षा झाली. थोडीच, पण झाली. अंबूला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं.

गावात बोभाटा झाला, या डॉक्टरच्या पोटात काही राहत नाही. माझे कितीतरी पुरुष पेशंट कमी झाले. डॉक्टरनं तोंड उघडलं की धंदा बसतो, हे ज्येष्ठांचं म्हणणं निम्मं खरं निघालं. बायका मात्र वाढल्या. त्यांत शेठच्या घरच्याही होत्या.