गुळाचा रंग

मी त्या मुलाला सव्वा महिना रोज सकाळी चहा पाजला आणि तो चहा नाही असं सांगत राहिलो. एवढं एक वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. आता लिहिलंच आहे, तर बाकीचंही सांगून टाकतो.

शहरातल्या गारखेडा भागातल्या आमच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. दिवाळीनंतर तिथं दोन तरुण राहायला आले, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे. या पंथातली बरीच मुलं विशीच्या आसपास घर सोडून दोन वर्षं धर्मप्रसाराच्या सेवेला जातात. कुठं जायचं हे त्यांना विचारत नाहीत. पत्र येतं, त्यात जे गाव असेल ते. आमच्याकडच्या दोघांपैकी एक आंध्रातला होता. दुसरा पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचा. सावळा, दाराच्या चौकटीतून थोडं तिरकं होऊन आत येणारा. रिक्षावाले त्याच्याशी बेधडक हिंदीत बोलत. कुणाला तो केरळचा वाटे, कुणाला मणिपूरचा.

दोघांचा वेश ठरलेला. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पट्टी. पट्टीवर आडनाव आणि त्याआधी ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारी.

“मिसरूड धड फुटलं नाही आणि वडीलधारी कसलं?” बायको म्हणाली. ती दोघांनाही ‘लेका’ अशीच हाक मारू लागली.

माझ्याबरोबर सकाळी फिरायला येणारे एक शेजारी आहेत. ते म्हणाले, “सर, जपून ऱ्हावा. लई गोड बोलतेत ही पोरं. एक दिवस बाटवतील तुम्हाला, आन तुम्हाला कळणार बी नाय.”

“माझं आता बाटायचं काय राहिलंय?” मी म्हणालो, आणि आम्ही दोघं हसलो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. कॉलेज दुपारचं, त्यामुळं बेटावरच्या मुलाला रोज सकाळी आठ वाजता मराठी शिकवायचं मी कबूल केलं. त्यांचा दिवस मला छतावरच्या आवाजांवरून कळायचा. साडेसहाला गजर. मग गुडघे टेकल्याचे दोन धप्पकन आवाज, ती प्रार्थना. मग व्यायाम, बेटावरचा दोरीवरच्या उड्या मारायला लागला की आमचा पंखा हलायचा. मग इस्त्री, न्याहारी, आणि आठला बरोबर दोघं खाली. दोघं, कारण एकानं दुसऱ्याला सोडून कुठं जायचं नाही असा त्यांचा नियम. दुधाची पिशवी आणायलाही जोडीनं जात. आमच्याकडं एक जण हात धुवायला उठला तरी दुसरा वही मिटून उभा राही.

दहा वाजता ते बाहेर पडत. शहरात त्यांच्या पंथाची मोजकी घरं आहेत. तिथं जायचं, मुलांना इंग्रजी शिकवायचं, कुणाची पाण्याची टाकी धुवायची, कुणाचा गॅसचा सिलिंडर तीन मजले चढवायचा. दिवसभर पायी. बऱ्याच ठिकाणी लोक दारातूनच हात जोडत. संध्याकाळी बायको विचारायची, “आज कुणी बसवलं का घरात?”

“एकांनी, काकू,” बेटावरचा म्हणायचा. “पण कुत्रा मागे लागला म्हणून.”

सोमवार सुट्टीचा. त्या दिवशी कपडे धुणं, केस कापणं आणि घरी फोन. आईशी तो आठवड्यातून त्याच दिवशी बोलायचा. एका सोमवारी मी दोघांना खुलताबादला नेलं होतं. परतताना बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं त्याच्या हातावर सीताफळ ठेवलं, तर त्यानं तिला मी आदल्या दिवशी शिकवलेली तीनही आभाराची वाक्यं एकामागून एक म्हणून दाखवली. त्याच्यासारखा हट्टानं शिकणारा विद्यार्थी मला वर्गात क्वचितच मिळाला. रोज वीस शब्द, खिशातल्या छोट्या वहीत. ‘ळ’ जमत नव्हता, तर चार दिवस तो जिन्यात येता-जाता ‘काळा, गोळा, डोळा’ म्हणत होता.

आता चहाचं.

पहिल्याच दिवशी मी कप पुढं केला तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून मान हलवली. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य आहे. दारू-तंबाखूच्या पंगतीत चहा बसवलेला. मी “बरं बरं” म्हणालो, पण मनाला लागलं. आमच्या घरात मीटर वाचायला आलेला माणूससुद्धा चहा घेतल्याशिवाय जात नाही. मी रोज समोर कप घेऊन शिकवायचो, तो पाण्याचा पेला घेऊन शिकायचा. मला आपण त्याला उंबऱ्यातच उभं केल्यासारखं वाटायचं. खरं सांगायचं तर, त्यानंच मला उंबऱ्यात उभं केलंय असं वाटायचं.

डिसेंबरात त्याला खोकला झाला. बेटावर थंडी नसते. आमच्या पहाटेचा गारठा त्याच्या छातीत बसला. मी म्हणालो, “चहा नको, पण काढा चालेल ना?” त्यानं काय-काय घालणार ते विचारलं. आलं, अंगणातला गवती चहा, दोन मिरे, दूध, गूळ. गवती चहा म्हणजे नुसतं गवत, नावावर जाऊ नकोस, हेही मी सांगितलं. तो तयार झाला. मी केला, पण गूळ आधी घातला आणि दूध फाटलं. त्यानं अर्धा पेला कसाबसा संपवला आणि “चांगला आहे, काका” असं पडेल चेहऱ्यानं म्हणाला. आंध्रातल्याला दूध सोसायचं नाही. तो गरम पाणी पीत मजा बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी दोन शेगड्यांवर दोन पातेली ठेवली. एक माझ्या चहाचं, एक त्याच्या काढ्याचं. तीस वर्षांची हाताची सवय. डबा उघडला, चमचा भरला आणि दोन्ही पातेल्यांत टाकला. उकळी आल्यावर माझ्या लक्षात आलं. ओतून द्यायला हवं होतं. बाहेरच्या खोलीत ती दोघं वाट बघत होती, दूध तेवढंच होतं. मी गॅस बंद करून मग गूळ घातला, गाळला आणि नेऊन दिला.

त्यानं पेल्यात बघितलं. “काका, रंग वेगळा आहे.”

“गुळाचा रंग आहे,” मी म्हणालो.

त्यानं एक घोट घेतला, डोळे मोठे केले आणि सगळा पेला संपवला. “काका, आज लई भारी झालाय!” हे ‘लई’ त्याला मी शिकवलं नव्हतं, ते तो गल्लीत शिकला होता.

त्या एका वाक्यानं मी घसरलो. दुसऱ्या दिवशीची चूक हाताची होती, तिसऱ्या दिवसापासूनची माझी. मी मोजून अर्धा चमचा पावडर टाकू लागलो. त्याच्या घरात तीन पिढ्या कुणी चहाला तोंड लावलेलं नव्हतं, त्यामुळं त्याला चव ओळखू येण्याचा प्रश्नच नव्हता. वास घरात नेहमीचाच होता. खोकला आठवड्यात गेला, पण पेला चालूच राहिला. तो घटाघटा प्यायचा आणि मी माझा कप हातात धरून त्याच्याकडं बघायचो. मला छान वाटायचं. त्या छान वाटण्यात थोडी माया होती, आणि एक छुपी जीतही होती. तुझा नियम माझ्या घरात चालला नाही, अशी.

जानेवारीत एका सकाळी मी त्याला ‘कधीच नाही’ची वाक्यं करायला दिली. तो वहीत लिहून मोठ्यानं वाचू लागला. “मी कधीच बर्फ पाहिला नाही. मी कधीच उंटावर बसलो नाही. मी जन्मात कधीच चहा प्यायलो नाही.” आणि मान वर करून माझ्याकडं बघत राहिला, बरोबर आहे का म्हणून. पेला त्याच्या कोपराजवळ होता. मी “बरोबर” म्हणालो.

त्याच आठवड्यात, सोमवारी, त्यानं फोनवर आईला माझ्यासमोर धरलं. जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई, मागं नारळाची झाडं. माझ्या मुलाला तुम्ही आजारपणात सांभाळलंत, असं म्हणून तिनं डोळे पुसले. मग कागद-पेन्सिल घेतली. तो काढा कसा करायचा, सांगा. मुलगा परत आला की मीही करून देईन. मी मोडक्या इंग्रजीत एकेक जिन्नस सांगत गेलो. आलं. गवती चहा. मिरे. दूध. गूळ, गॅस बंद केल्यावर. ती लिहीत गेली आणि शेवटी म्हणाली, “बस, एवढंच?”

“एवढंच,” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर तो मुलगा म्हणाला, “काका, गुरुवारी आमचे वरिष्ठ येणार आहेत. प्रत्येकाला एकट्याला बसवून विचारतात. नियम पाळतोस का, खाण्यापिण्याचे, सगळे. मला भीती वाटत नाही. माझं सगळं स्वच्छ आहे.”

गुरुवारी तो त्या माणसासमोर बसून खरं समजून खोटं बोलणार होता, आणि ते खोटं त्याच्या तोंडात मी घातलेलं होतं.

त्या संध्याकाळी बायको चहाचा डबा हलवत आली. “अहो, पावडर एवढी लवकर कशी संपते हो? कुणाला पाजता एवढा?”

मी सांगितलं. ती आधी हसली, मग हसायची थांबली. “अहो, लोकं म्हणत होती की ही पोरं आपल्याला बाटवतील. बाटवलं तर तुम्हीच त्याला.”

माझी आई चातुर्मासात कांदा-लसूण सोडायची. चार महिने आमच्या घरात तिच्या पातेल्याला दुसऱ्या पातेल्यातला चमचा लागू द्यायचा नाही, याची राखण लहानपणी मी करायचो. तिला कुणी मुद्दाम कांद्याचं खाऊ घातलं असतं, तर मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं.

“बुधवारपर्यंत सांगा,” बायको म्हणाली. “नाहीतर मी सांगते. आन मी नीट नाही सांगणार.”

मंगळवारी मी सांगणार होतो. नाही सांगितलं. पावडरही घातली नाही. त्याला पेला दिलाच नाही, दूध नासलं म्हणालो. म्हणजे आणखी एक खोटं. बुधवारी मात्र मी आठच्या आधीच टेबलावर चहाचा डबा आणून ठेवला, झाकण काढून. समोर आयती वस्तू असली की मला पळता येणार नाही, असं मला वाटलं.

दोघं आले, बसले. “हे काय, काका?”

“चहाची पावडर.”

“तुमची?”

“माझी. तुझ्या पेल्यातही हीच होती. तो काढा नव्हता, चहा होता. रंग गुळाचा नव्हता.”

“सर!” आंध्रातला म्हणाला. बेटावरचा उठला, बाहेर जाऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाठ करून बसला. आंध्रातला नियमाप्रमाणं मागोमाग गेला आणि चार हातांवर भिंतीला टेकून उभा राहिला. मी आत डब्यासमोर बसून होतो.

तो परत आला तेव्हा उभाच राहिला. “पहिल्या दिवसापासून?”

“नाही. दुसऱ्या दिवसापासून.”

“चुकून?”

“दुसऱ्या दिवशी चुकून. नंतर मुद्दाम.”

“का?”

मी याचं उत्तर दोन दिवस जुळवत होतो, पण ऐन वेळी जे आलं ते वेगळंच होतं. “तू माझ्या घरचं काही घेत नव्हतास, ते मला सोसत नव्हतं.”

त्यानं मान हलवली, समजल्यासारखी. माफ केल्यासारखी नाही. “मी उद्या त्यांना सांगेन,” तो म्हणाला. “पण आईला मी नाही सांगणार. आईला तुम्ही सांगा.”

गुरुवारी संध्याकाळी तो जिन्यात भेटला. मी विचारलं, काय म्हणाले?

“ते म्हणाले, तुला माहीत नव्हतं, तुझ्यावर काही नाही.”

“आणि माझ्यावर?”

“तुमचं त्यांच्याकडं नाही, काका,” तो म्हणाला आणि वर गेला. आंध्रातला हसू दाबत त्याच्या मागं.

सोमवारपर्यंतचे चार दिवस मी वाक्य पाठ करत होतो. फोन लागला, तीच नारळाची झाडं दिसली. माझं इंग्रजी वाचण्याचं आहे, बोलण्याचं नाही, पण अडखळत मी सगळं सांगितलं. त्या कागदावर एक जिन्नस राहिला होता, तो चहा होता, पहिला दिवस सोडून रोज पेल्यात होता, तो मी जाणूनबुजून घातला आणि तुमच्याशीही खोटं बोललो. तिनं हसणं थांबवलं. मुलाशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली. मग मला विचारलं, “तो अजून खाली येतो का तुमच्याकडं?”

“रोज. शिकायला.”

“मग त्याला पहिल्या दिवशीचा द्या,” ती म्हणाली. तो आईचा राग होता की मोठेपण, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या दिवशीचा काढा करू लागलो. तो स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी उभा राहायचा, हाताची घडी घालून, आणि पातेल्यात काय पडतं ते बघायचा. आंध्रातला दारात. जागा इतकी लहान की मला आलं किसायलाही कोपर आवळून घ्यावं लागे. तो उर्मटपणे बघत नव्हता, नुसता बघत होता. मला ते रोज टोचायचं, आणि रोज मी ठरवायचो की हे टोचणं चुकवायचं नाही. म्हणून मी प्रत्येक वस्तू आधी त्याला दाखवून मग टाकायचो. डबा मी फळीवर वर ठेवून दिला होता. माझा चहा त्यांचा वर्ग संपल्यावर करायचो.

फेब्रुवारी असाच गेला. मार्चच्या सुरुवातीला बदलीचा निरोप आला; त्यांच्यात तो असाच अचानक येतो, दोन-तीन दिवसांत गाव सोडायचं. जायच्या दिवशी सकाळी आठला दोघं खाली आले. बॅगा जिन्यात होत्या. मी पातेलं ठेवलं, आलं हातात घेतलं आणि सवयीनं मागं वळलो. ओट्याशी कुणी नव्हतं.

मी दारातून डोकावलो. तो बाहेरच्या खोलीत त्याच्या जागेवर बसून छोट्या वहीत काहीतरी लिहीत होता, माझ्याकडं पाठ करून. आंध्रातला पेपर चाळत होता.

“आत येत नाहीस?” मी विचारलं.

“तुम्ही करा, काका,” मान न वळवता तो म्हणाला. “मी बसलोय.”

मी परत ओट्याशी आलो. आलं किसलं, गवती चहाची पाती तोडून टाकली, मिरे ठेचले, दूध घातलं. गॅस बंद केला, मग गूळ. कुणी बघत नव्हतं, तरी प्रत्येक वस्तू मी टाकण्याआधी क्षणभर वर धरली.