मोहन्याच्या रखमाबाई पत्त्यावर जातात

...आणि तिसऱ्या टोचणीलाच त्या पहिलवानानं मोहने गावच्या भर बाजारात डोळे पांढरे केले, इथवर काल आलो होतो. तर पुढं असं झालं, की रखमाबाईंनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, दंडावरचा अर्धा मारुती पुरा केला, वर हळद चोळली आणि मगच त्याला उठू दिलं. काम अर्धं टाकणं त्यांना माहीतच नव्हतं. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया आणि वाटीत कालवलेली दिव्याची काजळी, एवढ्यावर चाळीस वर्षं त्यांनी कामगारांच्या चाळीतल्या बायकांना गोंदलं. टोचण्याआधी बाईला तीनदा विचारायचं, हे जन्मभर जायचं नाही, चालेल ना? तिसऱ्यांदा जी अडखळली तिला घरी पाठवायचं. एकदा तर खुद्द सासूनं धरून आणलेली नवरी त्यांनी अशीच परत धाडली. सासू पुढं महिनाभर त्यांच्या दारावरून तोंड फिरवून जायची.

आता त्यांची नात रसिका माजिवड्याच्या एका कंपनीत चित्रं काढते. ही कंपनी मोबाईलवरचा पत्त्यांचा खेळ बनवते. राजा-राणी नव्हे हो, राक्षस आणि जादूगार. रसिकानं त्यात आजीच घातली. नाव गोंदणमाया. ती योद्ध्याच्या दंडाला सुई लावते आणि त्याच्या अंगात बळ येतं. मग साहेबांनी, म्हणजे हर्षितनं, आजीचं वय पन्नास वर्षांनी उतरवलं, कंबर मुठीत मावेल इतकी केली आणि नऊवारी गुडघ्याच्या वर नेली. रसिकानं विचारलं तर म्हणाला, रिसर्च झालाय. रिसर्च करणाऱ्या चौघांपैकी एकानंही कधी गोंदून घेतलं नव्हतं. एकाला तर इंजेक्शन बघूनच घाम फुटायचा.

रसिकाची नोकरी अजून कच्ची. आजींनी जाहिरातीच्या कॅमेऱ्यासमोर 'हे अस्सल आमचंच' एवढं म्हटलं की दुसऱ्या दिवशी पक्की, असं हर्षितनं सांगून ठेवलेलं. रसिकानं वाटभर आजीकडून ते वाक्य घोकून घेतलं. रखमाबाईंचीही ना नव्हती. नातीचं भलं होत असेल तर तीन शब्दांना काय लागतं?

ऑफिसात त्यांना गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि गळ्यात 'संस्कृती सल्लागार' असा बिल्ला अडकवला. समोर भिंतीएवढ्या पडद्यावर पत्ता आला. कंबर बघून रखमाबाई, तरुणपणी आपणही बऱ्या होतो, एवढंच पुटपुटल्या. मग खाली काय लिहिलंय ते वाच म्हणाल्या. रसिकानं वाचलं: योद्ध्याची शक्ती पाचनं वाढते, दोन डावांनंतर गोंदण आपोआप पुसलं जातं.

रखमाबाईंनी खुर्ची पायानं धरून थांबवली. पुसलं जातं म्हणजे? हर्षितनं समजावलं, की कायम ठेवलं तर एकच योद्धा सगळ्यांना भारी पडेल, गेमचा बॅलन्स जाईल. तेवढ्यात कॅमेरा सुरू झाला. त्याच्यामागं उभी राहून रसिका नुसत्या ओठांनी ते वाक्य आजीला दाखवत होती.

"आजी, बिनधास्त बोला, एकच लाईन आहे," हर्षित म्हणाला. "अस्सल आहे ना हे?"

रखमाबाईंनी आधी नातीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"पोरीचा हात अस्सल आहे, बाबा, तिला पक्की कर. पण दोन डावांत पुसतं त्याला आमच्यात मेंदी म्हणतात, आणि मेंदी काढायला मी कधी कुणाच्या दारी गेलेली नाही."