धोतरांचं बिऱ्हाड

पिपरीतले आमचे घरमालक दर उन्हाळ्यात एक नवी खोली बांधत. खोल्या वाढल्या की भाडं उतरेल, मग दुसरी खोली घेऊन बायकोला गावाहून आणू, असं माझं बी.ए.चं अर्थशास्त्र सांगायचं. हे गृहस्थ मात्र नव्या खोलीला कुलूप ठोकत आणि दारापुढे स्वतःचीच धोतरं वाळत घालत. खोली शोधणाऱ्याला वाटावं, सगळं भरलेलं आहे.

"काकाजी, खोल्या रिकाम्या आहेत. भाडं कमी करा," मी म्हटलं.

"रिकाम्या कुठी हायेत, बाबू? धोतरं दिसून नाई राह्यले काय तुमाले?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आणखी एक पाया खणला आणि माझंच भाडं वाढवलं.

"सिमेट महाग झालं ना, बाबू. तुमी भाडं नाई वाढवलं तं खोल्या कशा वाढतीन?"

मी बायकोला कळवलं, इथे घरं धडाक्यात वाढताहेत, तेव्हा तू तिकडेच राहा.