चोपन्न वर्षांच्या भाच्याचा पासवर्ड

"मावशी, बघा बरं काय मागून राह्यलंय ते."

सर चहा पीत होते. समोर कॉम्प्युटर. पडद्यावर प्राध्यापकांच्या ऑनलाइन उजळणी वर्गाची परीक्षा. विषय, शिकवण्यात तंत्रज्ञानाचा वापर. मी उभी होते, कारण दुसऱ्या खुर्चीवर सरांची बॅग होती. उभ्या उभ्या वाकून मी एकेक प्रश्न वाचला आणि एकेक उत्तर दिलं. सर बिस्किट बुडवत होते. तेवढ्यात इतिहासाच्या सरांनी दारातून डोकावलं. म्हणाले, "परीक्षा चालू हाय वाटतं?"

"चालू हाय की," सर म्हणाले. "मावशी बटनं दाबतात, आपण डोकं लावायचं."

दोघं हसले. परीक्षेत सर पास झाले, तेही चांगल्या गुणांनी. प्रमाणपत्र मीच छापलं आणि मीच त्यांच्या पदोन्नतीच्या फाइलीला लावलं.

सर चोपन्न वर्षांचे. मी एकतीस. आमच्या कॉलेजात शिकवणारी बाई मॅडम आणि पाणी देणारी, झाडणारी, फायली उचलणारी बाई मावशी. वयाशी याचा काही संबंध नाही. नात्याशी तर बिलकुल नाही. बाहेरच्याला वाटतं, काय प्रेमळ माणसं आहेत. सख्ख्या मावशीला मात्र कुणी खुर्चीवर बॅग बसवून उभं ठेवत नाही. मला मावशी म्हणणारे असे एकवीस भाचे त्या कॉलेजात आहेत आणि सगळे पगारदार आहेत.

माझ्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे. माझे आईबाप पिंपळगाव रेणुकाईला शिंदीच्या केरसुण्या बांधायचे. घर मांगवाड्यात. त्या केरसुण्यांवर मी संभाजीनगरला शिकले. कॉलेजात ग्रंथपालाची जागा रिकामी होती, ती भरली नाही. तिचा कारभार सरांकडे. मला घेतलं ते परिचर म्हणून, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. मुलाखतीत सरांनी माझी पदवी उलटीपालटी करून पाहिली होती. म्हणाले होते, "तुमच्यात बी शिकून राह्यलेत आता. चांगलं हाय." त्या 'तुमच्यात'चा अर्थ मला दुसरीच्या वर्गापासून कळतो.

सहा वर्षं मी त्या ग्रंथालयाचं कॉम्प्युटरचं सगळं काम केलं. ई-पुस्तकं, ऑनलाइन वर्ग, मुलांची लॉगिनं, प्राध्यापकांची लॉगिनं. प्राध्यापकांचे पासवर्ड मीच ठरवले, कारण त्यांना ते सुचेनात. मग ते माझ्याच लक्षात राहिले, कारण त्यांच्या राहिनात. एकदा सरांचा शोधनिबंध उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. पानंच्या पानं लाल झाली. मी म्हटलं, "सर, समदं लाल दिसतंय." सर चष्मा वर करून म्हणाले, "रंग बदलता येत न्हाई का त्याचा?"

सर चेष्टेत बोलले असं मला वाटलं. ते चेष्टेत बोलत नव्हते.

मग तपासणी समिती येणार असं ठरलं. समितीला ई-पुस्तकं दिसली पाहिजेत म्हणून सरांनी प्रत्येक ई-पुस्तकाचं पहिलं पान छापायला लावलं. त्यावर कॉलेजचा गोल शिक्का. मग दाखल नोंदवहीत नोंद. शिक्का नाही तर पुस्तक आपलं कशावरून, असं त्यांचं म्हणणं. तीन दिवस मी हवेतल्या पुस्तकांना शिक्के मारले. ती पानं ठेवायला एक कपाटही रिकामं करून घेतलं त्यांनी. हा माणूस तंत्रज्ञानाच्या परीक्षेत माझ्या हातानं पास झालेला, हे सोडून द्या. पण त्याला लाज वाटत नव्हती, हे मला नवीन होतं.

त्या कॉलेजात माझं म्हणावं असं एकच काम होतं. शनिवारचा वर्ग. तीन वर्षांपूर्वी मी तो आपल्या मनानं सुरू केला. गावाकडून एसटीनं येणारी मुलं, हातात स्वस्तातला स्मार्टफोन, पुस्तक घ्यायची ऐपत नाही. त्यांना मी फुकटची आणि कायदेशीर पुस्तकं कुठं मिळतात ते दाखवायचे. ऑनलाइन वर्गात निबंध कसा जमा करायचा, संदर्भ कसा द्यायचा, ते शिकवायचे. भोकरदनहून नसरीन यायची. घरी उर्दू, कॉलेजात मराठी, आणि नजर जन्मापासून अधू. पुस्तक नाकाला लावून वाचायची. तिच्या मोबाइलला मी मराठी पान मोठ्यानं वाचायला लावलं, तेव्हा ती कितीतरी वेळ कान देऊन बसली. मग म्हणाली, "मॅडम, किताब बोलून राह्यली."

मॅडम. त्या इमारतीत मला मॅडम म्हणणारी तीच पहिली. मला रडू आलं होतं, आणि मी ते तिच्यापासून लपवलंही नाही.

याच सुमाराला शहागडच्या बाजूला एका कॉलेजात ग्रंथालय सहायकाची जागा निघाली. पक्की जागा. त्यासाठी अनुभवाचा दाखला हवा होता, विद्यार्थ्यांना तंत्रज्ञान शिकवल्याचा. मी सरांकडे अर्ज दिला. तीन वर्षांच्या वर्गाची हजेरी जोडली. एवढा एक कागद मला हवा होता. सरांनी अर्ज पेपरवेटखाली सारला. म्हणाले, "समिती जाऊ द्या मावशी, मंग बघू."

समिती आली. सभागृहात मोठा पडदा. पहिल्या बाकावर माझ्या वर्गातली मुलं आणून बसवलेली, नसरीनही. मी कॉम्प्युटरजवळ उभी. टेबलावर अहवाल उघडा पडला होता. त्यात शनिवारच्या वर्गाचं पान होतं, मुलांच्या फोटोसकट. वर छापलं होतं, संकल्पना व मार्गदर्शन, आणि पुढं सरांचं नाव, सगळ्या पदव्यांसह. खाली छापलं होतं, साहाय्य: मावशी.

मी ते पुन्हा वाचलं. मावशी. नाव नाही, आडनाव नाही. रंगीत छपाईत मावशी.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमच्या लॉगिनमधून एखादं पुस्तक उघडून दाखवा ना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मावशी, टाका पासवर्ड."

"तुम्ही टाका, सर. तुमचा हाय तो."

"तो तुमच्याकडंच असतो ना, मावशी." मग समितीकडे वळून हसले. "हे समदं मावशीच बघतात." तिजोरीची चावी आपण स्वतः कमरेला लावत नाही, असा काहीसा थाट होता तो.

मी कीबोर्डजवळून हात मागं घेतला. "सर, मी तुमची मावशी न्हाई. मला नावानं बोलवा. लगेच उघडून देते."

सरांनी तोंड उघडलं. उघडंच राहिलं. आधी मला वाटलं, ते रागावलेत. मग ध्यानात आलं. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. सहा वर्षं माझ्या हजेरीवर सही करणाऱ्या माणसाला माझं नाव माहीत नव्हतं. त्यांनी इतिहासाच्या सरांकडे पाहिलं. इतिहासाचे सर मोबाइलमध्ये शिरले. त्यांनाही माहीत नव्हतं.

पहिल्या बाकावरून नसरीन उठली. "मी सांगू का, सर?"

"बस खाली," मी म्हटलं. "सांगायचं न्हाई. परीक्षा त्यांची हाय."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, जेवणाला उशीर नको. सगळे उठले. कुणाला वाटेल, समितीनं काही विचारलं असेल. कशाला विचारतील? जेवणात पुरणपोळी होती. समितीच्या कागदावर ओळ आली, ग्रंथालय सेवा समाधानकारक.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली. वरिष्ठांचा अवमान केला, खुलासा करा. त्यावर माझं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट, एकही चूक नाही. नोटीस द्यायची म्हटल्यावर मावशीचं नाव कार्यालयात बरोबर सापडलं.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. टेबलावर माझा दाखला टाइप करून ठेवलेला. तीन वर्षं शनिवारचा वर्ग स्वतंत्रपणे चालवला, विद्यार्थ्यांना शिकवलं, असं स्वच्छ लिहिलं होतं. फक्त सही बाकी. बाजूला कोरा कागद.

"दोन ओळींची माफी लिही," सर म्हणाले. आता मावशीही गेली होती आणि अहो-जाहोही. "माफी दे, दाखला ने. नुकसान तुझंच हाय, समजून घे."

मी खोटं सांगणार नाही. माझा हात पेनाकडे गेला होता. पक्की नोकरी त्या टेबलावर होती, हातभर अंतरावर. मी दाखला पुन्हा वाचला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणजे खरं काय ते या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं मावशी छापलं होतं.

मी कोरा कागद ओढला आणि त्यावरच खुलासा लिहिला. "समितीसमोर मी सरांना माझ्या नावानं हाक मारायला सांगितलं. त्यांना ते आलं नाही. याबद्दल मला खेद नाही. यापुढे मी कोणत्याही प्राध्यापकाचा पासवर्ड टाकणार नाही आणि कोणाचीही परीक्षा देणार नाही. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी शनिवारी अकराला वर्गात यावं आणि मुलांच्या मागं बसावं."

खाली सही केली, पूर्ण नावाची. पोच घेतली.

सरांनी दाखला खणात टाकून कुलूप लावलं. लावू दे. मुलाखतीला मी त्या कागदाशिवाय जाणार आहे. तिथं कॉम्प्युटर मागेन आणि काय येतं ते करून दाखवेन. घेतलं तर ठीक. नाही घेतलं, इकडचा करारही तोडला, तरी माफीच्या त्या दोन ओळी माझ्या हातून कुणाला मिळणार नाहीत.